परवानगीच्या आधीच साफ होणारे रान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तपोवनातील झाडे तोडीपासून वाचवण्यासाठी २०२५ च्या अखेरीस नाशिककर एकत्र आले, हे या शहराचे भूषण आहे. तिथे विरोध करता आला, कारण जागा सार्वजनिक होती, नोटीस निघाली होती आणि झाडे अजून उभी होती. शहराच्या कडेला यातले काहीच घडत नाही. मखमलाबाद, म्हसरूळ, गोवर्धन, पाथर्डी, विल्होळी, पिंपळगाव बहुला या भागांत जमिनीचा व्यवहार झाला की सर्वांत आधी जेसीबी येतो. दोन-तीन दिवसांत झुडपे, वारुळे, दगडी बांध आणि ओघळीकाठची जाळी सपाट होते. या कामाला 'साफसफाई' म्हणतात. मोजणी, ले-आउट, वृक्ष अधिकाऱ्यांची पाहणी हे सारे त्यानंतर. यादीत मग बांधावरचे चार कडुनिंब आणि एखादा आंबा एवढेच येते. काय होते याची नोंद नसल्यामुळे काय गेले याचा जाब कोणालाच विचारता येत नाही.

म्हणून आमची मागणी अशी : जमीन साफ करणे हाच प्रकल्पाचा पहिला टप्पा मानावा आणि त्याआधी तिथल्या रानाची व प्राण्यांची पाहणी सक्तीची करावी. हे कसे करता येईल ते जरा तपशिलाने लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण विषय तपशिलाचाच आहे.

नाशिकच्या कडेचे रान घनदाट नाही, आणि तेच त्याच्या मुळावर आले आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद पडीक किंवा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशी असते. मुरमाड उतारावर पळस, धावडा, खैर, हिवर, बोर, आपटा. खाली करवंद, निर्गुडी, तरवड, घाणेरी. ओघळीला करंज, उंबर, जांभूळ. मार्चमध्ये हे सारे वाळून गेलेले दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते, इथे काही नाही. पण तित्तर आणि लावा करवंदीच्या जाळीखाली अंडी घालतात. मोराची लांडोर पावसाळ्यात तिथेच बसते. ओघळीच्या उभ्या मातीच्या दरडीत वेडा राघू बिळे कोरतो. ससा, मुंगूस, साळिंदर, उदमांजर, रानमांजर, खोकड, घोरपड यांची सारी ये-जा याच आडोशातून होते. डोंगराकडच्या बाजूला तरसही असतो. पावसाळ्यात नवरंग पक्षी या झुडपी रानात पानांच्या ढिगात किडे शोधताना दिसतो. यातल्या बहुतेकांना उंच झाडांपेक्षा झुडपांची सलग दाटी जास्त लागते.

नेमकी हीच दाटी परवानगीच्या प्रक्रियेतून सुटते. महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम १९७५ खाली जी यादी होते, ती व्यवहारात मोठ्या खोडांचीच असते. करवंदीची जाळी, बोरीचे बेट, निर्गुडीची रांग त्यात सहसा येत नाहीत. पर्यावरण मंजुरीचा नियम लागतो तो २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तेव्हा. कडेचे बहुतेक प्लॉटिंग आणि रो-हाउसच्या वसाहती त्याखाली राहतात. वनखात्याची जमिनीवरची देखरेख मुख्यतः वनजमिनीपुरती असते. म्हसरूळजवळचा बोरगड डोंगर २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला, पुढे अंजनेरीही झाली. दोन्ही निर्णय उत्तम होते. पण बोरगडचा प्राणी रात्री पाण्यासाठी म्हसरूळच्या नाल्यापर्यंत उतरतो. ही वाट कोणत्याच राखीव क्षेत्रात नाही.

आता पाहणीविषयी. ती एका दुपारी उरकता येत नाही, मात्र वर्षभर अडून राहण्याचीही गरज नाही. दोन हंगाम पुरतात. पहिली फेरी फेब्रुवारी ते एप्रिल. पानगळ झालेली असते, त्यामुळे ढोल्या, घरटी आणि वाळलेल्या फांद्या उघड दिसतात. पिंगळ्याची वीण चालू असते आणि तांबट मऊ, मेलेल्या फांदीत भोक पाडत असतो. दुसरी फेरी जुलै ते सप्टेंबर. बेडूक, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि पावसाळी वनस्पती तेव्हाच कळतात. प्रत्येक फेरीत जागा साधारण पन्नास मीटरच्या पट्ट्यांत वाटून पहाटे एकदा आणि अंधार पडल्यावर तासभर एकदा चालावे. ओघळ जिथून आत येते आणि जिथून बाहेर जाते त्या दोन ठिकाणी गुडघ्याएवढ्या उंचीवर आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा ट्रॅप पंधरा रात्री ठेवावा. कॅमेरा नसेल तर वाटेवर दोन मीटर लांब चाळलेल्या मातीचा पट्टा करून सकाळी ठसे पाहावेत. साळिंदराचे काटे, दगडावर पडलेली बियांनी भरलेली उदमांजराची विष्ठा, वाळल्यावर पांढरी होणारी तरसाची विष्ठा या खुणा ओळखणारे लोक शहरात आहेत. वनरक्षकांना तर त्या पाठ असतात.

झाडांची नोंद घेताना नुसते नाव आणि घेर लिहून भागत नाही. ढोली आहे का, घरटे आहे का, मेलेली मोठी फांदी आहे का, वेलीने वेढलेले आहे का, हे चार रकाने हवेतच. आज 'वाळलेले, धोकादायक' असा शेरा मारून जे झाड आधी तोडले जाते, त्याच झाडावर प्राण्यांची सर्वाधिक गर्दी असते. राखी धनेशाची मादी उन्हाळ्यात अशा ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि बारीक फटीतून नर तिला व पिलांना भरवतो. एप्रिल-मेमध्ये ते झाड पडले तर मादी आणि पिले आतच मरतात. खाली उभ्या असलेल्या माणसाला काही समजतही नाही.

पाहणीचा नकाशा ले-आउटच्याच प्रमाणात, म्हणजे १:५०० वर काढावा, म्हणजे वास्तुविशारदाला तो थेट आपल्या आराखड्याखाली ठेवता येईल. त्याची एक प्रत महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. शेजारच्या गटाचा प्रस्ताव पुढच्या वर्षी आला, की ओघळीचा पुढचा तुकडा कुठे आहे ते त्या नोंदवहीतून लगेच कळेल.

यापुढचे काम ले-आउटचे आहे, आणि आमच्या मते सर्वांत मोठा फायदा इथेच पदरात पडू शकतो. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते. आज ती मधोमध सोडतात, नाहीतर विकायला गैरसोयीच्या तिरक्या कोपऱ्यात. तिथे हिरवळ, पेव्हर ब्लॉक, व्यायामाची साधने येतात. हीच जागा ओघळीच्या किंवा डोंगराच्या बाजूला लांबट पट्ट्यात सोडली तर? चार हेक्टरच्या ले-आउटमध्ये दहा टक्के म्हणजे चार हजार चौरस मीटर. ओघळीची कड दोनशे मीटर असेल तर वीस मीटर रुंदीचा सलग पट्टा मिळतो. मालकाचा एकही जादा प्लॉट जात नाही. शेजारच्या ले-आउटनेही तसेच केले, की ससा, मुंगूस, घोरपड यांना डोंगरापासून नदीपर्यंत जाता येते. नासर्डी, वाघाडी, वालदेवी या नद्यांना मिळणाऱ्या लहान ओघळींवर हे अजूनही शक्य आहे. पट्टा दहा मीटरपेक्षा अरुंद झाला तर उजेड आणि कुत्री आरपार पोचतात, आडोसा राहत नाही. मुलांना खेळायला जागा हवी हे आम्हालाही मान्य आहे. ती पट्ट्याच्या आतल्या, घरांकडच्या बाजूला वेगळी आखावी.

पट्ट्यातून रस्ता न्यावाच लागला तर गोल सिमेंटचा पाइप टाकू नये. पावसाळ्यात तो पाण्याने भरतो, उन्हाळ्यात कचऱ्याने तुंबतो. चौकोनी मोरी बांधून आत एका कडेला अर्धा मीटर रुंद, कोरडा राहील असा कट्टा ठेवावा. खर्च थोडा वाढतो, पण पावसाचे पाणी तुंबून रस्ता वाहून जाण्याचा धोकाही कमी होतो.

डोंगरउताराचा मुद्दा वेगळा. १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटरहून जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला मनाई आहे. पळवाट अशी, की मोजणीच्या आधी पायथा कापून, भराव टाकून उतार सौम्य केला जातो. त्यामुळे उतार जागेवरच्या आजच्या मोजणीवरून ठरवू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावरील समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषा आणि जुनी उपग्रह चित्रे यांच्याशी तो ताडून पाहावा. पांडवलेणी, चामरलेणी आणि रामशेजच्या पायथ्यांना याची निकड आहे.

परवानगी मिळाल्यावर जमीन साफ करण्याचीही पद्धत आहे. आज यंत्र चारही बाजूंनी आत शिरते आणि मधे अडकलेले प्राणी चिरडले जातात, नाहीतर शेजारच्या घरांत घुसतात. नव्या वसाहतीत पहिल्या वर्षी साप फार निघतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. सर्पमित्र घोणस किंवा नाग पकडून नेतात, पण त्याला मुळात हाकलले आपणच. साफ करण्याचे काम रस्त्याच्या बाजूने सुरू करून राखलेल्या पट्ट्याकडे सरकत जावे. पहिल्या दिवशी झुडपे कोयत्याने गुडघ्याएवढी छाटावीत. दोन-तीन दिवस थांबावे. आडोसा विरळ झाला की बहुतेक प्राणी रात्री आपोआप पट्ट्यात सरकतात. मग जमिनीलगत छाटणी आणि शेवटी मुळे, दगड, वारुळे. वारूळ यंत्राने फोडू नये, कुदळीने एका बाजूने हळूहळू उघडावे, कारण आत नाग, घोरपड, मुंगूस असू शकतात. काम नोव्हेंबर ते जानेवारीत करावे. जमिनीवर घरटी करणारे पक्षी तोवर उरकलेले असतात आणि उन्हाळी वीण सुरू झालेली नसते. मात्र थंडीत सकाळी साप-सरडे गारठून बिळात असतात, पळू शकत नाहीत. म्हणून ऊन वर आल्यावर, दहानंतरच हात घालावा. ढोलीचे झाड तोडण्याची वेळ आलीच तर आदल्या संध्याकाळी ते पाहावे. आत कोणी असेल तर वीण संपेपर्यंत थांबावे, याला दुसरा उपाय नाही.

राखलेली झाडे मरतात कशी, हेही लिहायला हवे. झाड नकाशावर 'जतन' असे दाखवले जाते, बांधकाम होते, भोगवटा प्रमाणपत्र मिळते आणि दोन-तीन वर्षांनी झाड वाळते. तोडले कोणीच नाही, म्हणून दोषीही कोणी नाही. कारणे ठरलेली आहेत. अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. त्यावर फूटभर भराव पडला की त्यांना हवा मिळत नाही. सिमेंटच्या गाड्या धुतलेले पाणी तिथेच मुरते. ट्रकच्या चाकांनी माती घट्ट होते. शेवटी पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडतात. उपाय सोपा आहे : छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजावा, त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ आखावे आणि काम सुरू होण्याआधी पत्र्याचे कुंपण घालावे. अर्ध्या मीटर व्यासाच्या उंबराला सहा मीटर. कुंपणाच्या आत साहित्य, मजुरांच्या झोपड्या, खोदकाम काहीही नको. ड्रेनेजची चारी तिथून न्यायचीच असेल तर ती हाताने खोदावी आणि जाड मुळे न तोडता त्यांच्या खालून पाइप सरकवावा. वृक्ष प्राधिकरणाने पाहणी झाडांच्या संख्येची न करता या कुंपणांची करावी, तीही पाया खोदण्याआधी.

पुनर्रोपणाचा, म्हणजे उभे झाड मुळांसकट दुसरीकडे हलवण्याचा, आज फार गवगवा आहे. वड, पिंपळ, उंबर तग धरतात. साग, मोह, ऐन यांच्यासारखी खोल सोटमुळाची मोठी झाडे क्वचितच. जगवायचे असेल तर महिना-दोन महिने आधी झाडाभोवती चर खणून बाहेरची मुळे टप्प्याटप्प्याने कापावी लागतात, म्हणजे आतल्या गोळ्यात नवी तंतुमुळे फुटतात. मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ-दहापट रुंद हवा. पावसाळ्याच्या तोंडावर हलवावे आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी द्यावे. एका दिवसात उपटून, फांद्या बोडक्या करून मुरमाच्या खड्ड्यात रोवलेले झाड बहुधा जगत नाही.

वृक्ष कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची आहेत, ती सहा ते आठ फुटांची हवीत आणि सात वर्षे जगवायची आहेत. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. नियम चांगला आहे. पण चाळीस वर्षांच्या करंजाच्या बदल्यात सप्तपर्णी, रेन ट्री आणि कोनोकार्पसची चाळीस रोपे दुभाजकावर लागली तर धनेशाला काय मिळाले? भरपाई त्याच ओघळीत व्हावी, स्थानिक जातींची व्हावी आणि तिसरा हिस्सा तरी झुडपांचा असावा : करवंद, बोर, निर्गुडी, मुरुडशेंग. फळे धरणारी उंबर-वडाची रोपे लोक घराजवळ नको म्हणतात, म्हणूनच ती पट्ट्यात हवीत. ढोलीला मात्र भरपाई नाही. ती तयार व्हायला कित्येक दशके जातात.

वसाहत उभी राहिल्यावरच्या काही गोष्टी थोडक्यात. पट्ट्याकडच्या भिंतीला जमिनीलगत दर दहा-पंधरा मीटरवर वीस-पंचवीस सेंटिमीटरची मोकळी खाच असावी. त्या बाजूचे दिवे पिवळसर, खाली झाकलेले आणि रात्री अकरानंतर बंद असावेत. लिफ्टचे खड्डे, टाक्या, चुना भिजवायचे हौद रात्री झाकावेत. झाकता येत नसतील तर आत एक तिरकी खरबरीत फळी ठेवावी, पडलेला प्राणी तीवरून चढून येतो. कठडा नसलेल्या जुन्या विहिरींना कठडा बांधावा. द्राक्षबागेतले नायलॉनचे जाळे कुंपणाला वापरू नये. त्यात अडकलेली धामण सुटत नाही.

बिबट्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण बिबट्याच्या भीतीनेच लोक झाडी काढा म्हणतात. निफाड, सिन्नर आणि दारणाकाठच्या उसात बिबटे पिढ्यान्पिढ्या राहतात. शहराकडे ते येतात नदी-नाल्यांच्या काठाने, आणि कुत्री व डुकरे मिळतात म्हणून थांबतात. कुत्री-डुकरे कचऱ्यावर जगतात. तेव्हा पहिला उपाय घंटागाडीचा आणि दुसरा कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा. पिंजरा लावून बिबट्या दूर सोडल्याने प्रश्न मिटत नाही. जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, असे स्थलांतर वाढल्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढल्याचे दिसले आहे. झाडी काढल्याने बिबट्या नाहीसा होत नाही. लपायला नाला उरला नाही की तो दिवसा एखाद्या जिन्यात किंवा बंगल्याच्या पार्किंगमध्ये सापडतो आणि मग गर्दी, दगडफेक, जखमी माणसे. दिसल्यास १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवावे आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी.

महापालिकेने करायचे ते दोन ओळींचे आहे. ले-आउट आणि बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत दोन हंगामांचा पाहणी नकाशा मागावा, आणि अर्जाआधी जमीन साफ केलेली आढळली तर जुन्या उपग्रह चित्रावरून तिथली झाडी मोजून तेवढा पट्टा पुन्हा उभा करून घ्यावा, त्याशिवाय भोगवटा देऊ नये. जुनी चित्रे आता कोणालाही संगणकावर पाहता येतात, त्यामुळे 'इथे काही नव्हतेच' हे म्हणणे टिकणार नाही.

वाचकांनीही आपल्या भागात लक्ष ठेवावे. वृक्षतोडीची जाहीर नोटीस वृत्तपत्रात आणि झाडावर लागते. हरकतीला सात दिवस असतात आणि परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस तोड करता येत नाही. हरकत लिहिताना 'झाडे तोडू नका' एवढेच लिहिले तर ती एका शेऱ्यात निकाली निघते. झाडाचा क्रमांक, घेर, ढोली किंवा घरट्याचा तारखेसह फोटो, आणि ले-आउटमध्ये कोणता बदल केला तर ते झाड वाचेल, हे लिहावे. नोटीस नसताना यंत्र चालू दिसले तर गट क्रमांक, वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्यांना लेखी द्यावा व पोच घ्यावी. नंतर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून त्या गटाची वृक्षयादी, मंजूर ले-आउट, पुनर्रोपणाची जागा आणि जगलेल्या झाडांचा ताजा अहवाल, या चार गोष्टी नावानिशी मागाव्यात. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

आपले,
शहराच्या कडेच्या रानाची नोंद ठेवणारे काही नाशिककर